'व्हेलची उलटी' विकायला गिऱ्हाईक जोडून दे म्हणतायत. कायदा काय सांगतो?

सिन्नरफाटा | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, एक सल्ला हवा आहे. त्याच्या मागोमाग एक प्रश्नही डोक्यात घोळतोय.

माझा मावसभाऊ अंबडला एका कारखान्यात कामाला आहे. त्याला ओळखीतल्या एकाने गाठलं. 'कोकणातली पार्टी आहे, माल तयार आहे, तू फक्त गिऱ्हाईक जोडून दे, दोन टक्के तुझे.' माल म्हणजे अंबरग्रीस, पेपरवाले ज्याला व्हेलची उलटी म्हणतात ते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय. स्टीलच्या ताटलीत राखाडी-पिवळट, मेणचट ढेकूळ, शेजारी वजनकाटा. एक हात तापवलेली सुई त्यात टोचतो, काळपट चिकट थेंब वर येतो, बारीक धूर निघतो आणि मागून आवाज येतो, 'ओरिजिनल आहे साहेब, लॅबला पाठवा पाहिजे तर.' शनिवारी पाथर्डी फाट्याजवळच्या एका हॉटेलात 'बसू' म्हणतायत.

भाऊ म्हणतो, मी मालाला हात लावणार नाही, पैशाला हात लावणार नाही, दोन माणसांची गाठ घालून द्यायची, यात गुन्हा कसला?

आता माझा प्रश्न. मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठलंही पान उघडा, अंबरग्रीससह इतके जण अटकेत अशी बातमी असतेच. व्हेल मारला म्हणून कोणाला धरल्याची बातमी मात्र मी वाचलेली नाही. मग हा कायदा व्हेल वाचवतोय की नुसतं ढेकूळ पकडतोय? जाणकारांनी लिहावं.

काळा_कोट | सोमवार, रात्री ९.४८

भावाला आधी फोन करून सांगा, शनिवारी जाऊ नकोस. मग खालचं वाचा.

(जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते, पण इथे लिहिलेलं म्हणजे वकीलपत्र नव्हे.)

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. सगळे व्हेल, डॉल्फिन, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच लहान प्राणी) आणि डुगाँग (समुद्री गाय) त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. 'प्राण्याने टाकून दिलेली वस्तू, तिच्यात शिकार कुठे आली' हा बचाव नेहमी घेतला जातो. पण कलम २(३२) मध्ये 'अनक्युअर्ड ट्रॉफी'ची (प्रक्रिया न केलेली प्राणिज वस्तू) जी व्याख्या आहे, तिच्यात कस्तुरीच्या शेजारी अंबरग्रीस नावानिशी लिहिलेलं आहे. तेव्हा अवयव की टाकाऊ, या वादातून फारसं काही हाती लागत नाही.

अशी वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय मिळवणं, बाळगणं, विकणं, नेणं-आणणं, सगळं कलम ४० खाली येतं. व्यापाराला ४९ब आडवं येतं. आणि भावाच्या कामाचं कलम आहे ५२: गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि त्याला साथ देणारा, दोघेही गुन्हा केल्यासारखेच धरले जातात. 'मी फक्त गाठ घालून दिली' याला या कलमात वेगळी खुर्ची नाही.

शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं. दंड पूर्वी किमान १० हजार होता, २०२२ च्या दुरुस्तीने (लागू १ एप्रिल २०२३) तो किमान २५ हजार झाला. शिवाय कलम ५७ आहे. वस्तू तुमच्या ताब्यात होती एवढं सरकारने सिद्ध केलं की ताबा कायदेशीर होता हे तुम्ही सिद्ध करायचं. फौजदारीत एरवी ओझं सरकार पक्षावर असतं, इथे ते फिरतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका. ते पुसले तर भावाच्या बाजूने बोलणारं काहीच उरणार नाही.

तर्कट | सोमवार, रात्री १०.१५

ताई, कायदा असेल हो, पण शहाणपणा कुठे आहे त्यात? मोराचं गळून पडलेलं पीस देवघरात चालतं, ते विकलं तरी चालतं, आणि समुद्रात तरंगत आलेला गोळा उचलला की सात वर्षं? मोर तर राष्ट्रीय पक्षी, तोही पहिल्या अनुसूचीतला.

काळा_कोट | सोमवार, रात्री १०.३१

मुद्दा चांगला आहे, झटकून टाकणार नाही. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात खास सूट आहे, देशातल्या देशात विकता येतात, निर्यात करता येत नाही. पण त्या सुटीचा त्रास काय होतो ते वनखात्यातल्या कोणालाही विचारा. पीस गळलेलं की उपटलेलं, हे गठ्ठा बांधून बाजारात आल्यावर कोण सांगणार?

अंबरग्रीसचं तेच. स्पर्म व्हेल माकूळ (स्क्विड) खातो, माकळाच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात हा पदार्थ साठत जातो. तोही थोड्याच व्हेलच्या पोटात. व्हेलच्या शिकारीच्या काळात तो मेलेल्या व्हेलची आतडी चिरून काढत. किनाऱ्यावर सापडलेला गोळा आणि पोटातून काढलेला गोळा ताटलीत ठेवला तर दोन्ही सारखेच. मग सरसकट बंदी हा एकच सोपा मार्ग उरतो. सगळ्या देशांनी तो घेतलेला नाही. वन्यजीव व्यापाराचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटीस, तो अंबरग्रीसला नैसर्गिक उत्सर्ग मानून सोडून देतो. ब्रिटनमध्ये आणि फ्रान्समध्ये ते विकता येतं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत मात्र बंदीवाले.

फाया | मंगळवार, सकाळी ७.५५

आमचं भद्रकालीत अत्तराचं दुकान, आजोबांपासून. 'अंबर' नावाची बाटली आमच्याकडेही आहे, म्हणून धाग्यात उडी मारतोय.

त्या बाटलीत व्हेलचं काहीही नाही. आज जो अंबरचा वास मिळतो तो बहुतेक अँब्रॉक्सन किंवा त्याच्या भावंडांचा. क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून मिळणाऱ्या स्क्लेरिओलपासून ते कारखान्यात बनवतात. परदेशी सेंटांमध्येही मुख्यतः तेच चालतं. जुनी माणसं सांगायची की खरं अंबर ताजं असताना घाण मारतं, शेणासारखं, आणि वर्षानुवर्षं उन्हा-पाण्यात राहून त्याला गोडसर, जुन्या लाकडासारखा, खारा वास येतो. आजोबा फाया कानात ठेवायच्या आधी मनगटावर फिरवायचे आणि दुपारी परत हुंगायचे. सकाळचा वास दुपारी टिकला तर माल चांगला. तेवढाच आमचा लॅब.

किलोला एक-दोन कोटी हे जे पेपरात छापून येतं, त्या भावाने घेणारा अत्तरवाला मला तरी आजवर भेटला नाही. विकणारे शंभर, घेणारा कोणी नाही. मग घेणारा म्हणून जो हॉटेलात बसलेला असतो तो कोण, हे सिन्नरफाटा यांनी ओळखावं. :)

आणि सुईचा प्रयोग मेणावर, राळेवर, डांबरातही करून दाखवता येतो.

सिन्नरफाटा | मंगळवार, सकाळी ९.०२

@फाया, हे भावाला वाचून दाखवलं. 'मग घेणारा पोलीस?' एवढंच म्हणाला आणि गप्प बसला.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ९.२०

बनावट गिऱ्हाईक उभं करून धरणं ही पोलिसांची जुनी रीत आहे, आणि अंबरग्रीसच्या बातम्या नीट वाचल्या तर बहुतेक वेळा तीच दिसते. जप्त केलेला माल तपासणीत नुसतं मेण निघाला तर वन्यजीव कायद्याचा खटला ढिला पडतो, पण मग फसवणुकीचं कलम वाट बघत असतं. म्हणजे खरा असो की खोटा, मध्ये उभा राहिलेला माणूस अडकतोच.

प्रिलिम्सवाला | मंगळवार, दुपारी १.४०

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न मागे पडला, म्हणून थोडा इतिहास. व्हेल मारणाऱ्यांना कायद्याने कधी धरलं का?

१९४६ साली व्हेलच्या शिकारीचं नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याखाली आयोग आला (आयडब्ल्यूसी). गंमत म्हणजे तो करार शिकार करणाऱ्या देशांनी उद्योग टिकावा म्हणून केलेला होता. १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगितीचा ठराव केला, १९८६ पासून ती लागू झाली. भारत १९८१ पासून सदस्य. नॉर्वेने हरकत नोंदवून आणि आइसलँडने राखीव शर्त घालून शिकार चालू ठेवली, कारण करारातच तशी पळवाट आहे. जपानने 'संशोधना'साठी म्हणून अंटार्क्टिकात मारणं चालू ठेवलं. ऑस्ट्रेलिया त्यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला आणि ३१ मार्च २०१४ ला १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की हे परवाने वैज्ञानिक संशोधनासाठी आहेत असं मानता येत नाही. जपानने २०१९ मध्ये आयोगच सोडला आणि स्वतःच्या समुद्रात व्यापारी शिकार सुरू केली.

तर्कट | मंगळवार, दुपारी १.५२

म्हणजे जिंकूनही काय, तर तो क्लबातूनच उठून गेला. आणि राव, तुमच्या क्लासच्या नोट्स छान आहेत, पण आपल्या अरबी समुद्राचं काय?

प्रिलिम्सवाला | मंगळवार, दुपारी २.३०

अरबी समुद्राचीच गोष्ट सगळ्यात वाईट आहे, थांबा.

आपल्या समुद्रात हंपबॅक व्हेलचा एक कळप आहे जो इतर हंपबॅकसारखा ध्रुवाकडे जातच नाही. बारा महिने इथेच. ओमानच्या किनाऱ्यावर फोटो काढून, शेपटीवरच्या खुणा जुळवून जो अंदाज केला गेला तो होता ८२ व्हेलचा. इतके कमी का? एक मोठं कारण सोव्हिएत जहाजं. १९६६ च्या नोव्हेंबरात मुख्यतः ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्येकडच्या समुद्रात त्यांनी हंपबॅक मारले, आदल्या वर्षीचे चार धरून २४२. सोव्हिएत संघ आयोगाचा सदस्य होता. करार होता, नियम होते, जहाजावर निरीक्षकही होते. आकडे मात्र खोटे कळवले गेले आणि खरं बाहेर आलं ते सोव्हिएत संघ मोडल्यावर, १९९० च्या दशकात.

२०१७ मध्ये ओमानला उपग्रह टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तशीच कन्याकुमारीकडे उतरली. म्हणजे ओमानचे आणि आपले व्हेल वेगळे नाहीत. तिचा रस्ता दोन देशांच्या कायद्यांतून आणि मधल्या कोणाच्याच नसलेल्या पाण्यातून जातो. १९७९ मध्ये हिंदी महासागर व्हेलसाठी अभयारण्य जाहीर झाला, पण ते अभयारण्य शिकारीपुरतं. जाळं, जहाज, आवाज यांना तिथे मज्जाव नाही.

नियामक | मंगळवार, दुपारी ३.००

मधल्या एका प्रतिसादात कोणीतरी 'माल आहे' म्हणून फोन नंबर टाकला होता. तो प्रतिसाद काढला आहे, आयडी बंद केला आहे. हे चालणार नाही. चर्चा चालू द्या.

हर्णै_ते_सातपूर | मंगळवार, रात्री ८.१५

नोकरी सातपूरला, घर हर्णैला. थोरल्या भावाची होडी आहे. मी जे लिहितोय ते आवडणार नाही कदाचित.

तुम्ही वर व्हेल मारणारा कोण ते शोधताय. आमच्याकडे कोणी मारत नाही. मरतात ते जाळ्यात. डॉल्फिनला श्वास घ्यायला वर यावं लागतं, मासा नाही तो. वावरीच्या, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात गुंतला, वर येता आलं नाही, की काही मिनिटांचा खेळ. रात्री जाळं टाकलेलं असतं, पहाटे ओढताना जड लागतं, तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणतो मोठा मासा आहे, आणि वर येतो तो राखाडी पाठीचा डॉल्फिन, चोचीला जाळ्याचा दोरा घट्ट बसलेला, कातडी तिथे सोललेली. खलाशी तेव्हा काही बोलत नाहीत. दर्याचा जीव आहे, आमच्यात त्याला मुद्दाम कोणी हात लावत नाही.

मग काय करायचं? बंदरात आणला तर वनखातं, पंचनामा, जबाब, होडीचे कागद. दोन दिवस धंदा बंद. पहिल्या अनुसूचीतला प्राणी, 'पकडणं' म्हणजे शिकार, असं कोणीतरी एकदा बंदरावर येऊन सांगून गेलेलं. तेव्हापासून जाळं कापायचं, सोडून द्यायचं, गप्प राहायचं. कुठल्या बंदराला वर्षाला किती मरतात हे सरकारी वहीत कधीच येत नाही, कारण सांगणारा घाबरतो.

बाहेरच्या अभ्यासकांनी सगळ्या हिंदी महासागरातल्या टुना मासा धरणाऱ्या गिलनेटचा (वावरीसारख्याच जाळ्यांचा) हिशोब केला होता, १९५० ते २०१८ मध्ये सुमारे ४१ लाख लहान डॉल्फिन-व्हेल मेले असतील असा. आकडा ऐकून भाऊ म्हणाला, 'असंल. आम्ही एकटे थोडेच आहोत.'

काळा_कोट | मंगळवार, रात्री ८.५०

@हर्णै_ते_सातपूर, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

कायद्यापुरतं सांगते. कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासात अडकवणं, हाकारणं, एवढंच काय, या सगळ्याचा प्रयत्नही त्यात येतो. नकळत गुंतलेल्या प्राण्यासाठी स्वतंत्र, स्पष्ट तरतूद त्यात नाही. माझ्या मते मुद्दाम न करणाऱ्या मच्छीमारावर खटला टिकणं अवघड आहे. पण खटला टिकत नाही हे कळेपर्यंत माणसाची दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात, ते मी रोज बघते. तेव्हा भावाची भीती अडाणीपणाची नाही.

महाराष्ट्रात मात्र एक चांगली गोष्ट झाली आहे. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी, डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क वगैरे, जाळं कापून जिवंत सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत भरपाई. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून बघतात. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो.

हर्णै_ते_सातपूर | मंगळवार, रात्री ९.०५

माहीत आहे, भावाने कासवासाठी अर्ज केला होता. योजना चांगली आहे, खोटं बोलणार नाही. पण ती जिवंत सोडलेल्यासाठी. कासव तग धरतं, डॉल्फिन बहुतेक मेलेलाच वर येतो. मेलेल्याची खबर देणाऱ्याला काय मिळतं? खबर दिल्यावर त्याच्यावर कारवाई होणार नाही असा एक कागद मिळाला तरी पुरे आहे. पैसे नकोत.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ९.४०

+१. आणि हाच मुद्दा आता अमेरिकेने आपल्या गळ्यात बांधलाय. त्यांचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदाही १९७२ चाच, आपल्याच वयाचा. पण त्यात एक तरतूद आहे: ज्या देशाच्या मासेमारीत सस्तन प्राणी त्यांच्या मापापेक्षा जास्त मरतात त्या मासेमारीचा माल घ्यायचा नाही. नियम २०१६ मध्ये पक्का केला, मुदतवाढ देत देत १ जानेवारी २०२६ पासून अंमल. म्हणजे निर्यात करायची तर आपल्या समुद्रात किती डॉल्फिन आहेत आणि किती जाळ्यात मरतात याची मोजदाद दाखवावी लागते. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया आता किनारे पालथे घालतायत. पन्नास वर्षं आपला कायदा होता, डॉल्फिन मोजायला मात्र कोळंबीचा बाजार लागला.

कासवांच्या बाबतीत हे आधीच झालंय. ट्रॉल जाळ्यात कासव निसटायची फट नाही म्हणून समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने काही वर्षांपासून बंद केलेली आहे.

तर्कट | मंगळवार, रात्री ९.५५

यात मला दादागिरी दिसते. त्यांच्या नौदलाच्या सोनारने व्हेल बिथरतात म्हणून त्यांचेच पर्यावरणवाले कोर्टात गेले होते ना? २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने नौदलाच्या बाजूने निकाल दिला, सराव महत्त्वाचा म्हणून. स्वतःचं नौदल मोकळं, आमच्या हर्णैच्या होडीला हिशोब.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०.१०

दादागिरी आहेच. पण त्या दादागिरीतून मोजणी होत असेल तर मी ती घेईन. आपल्या डोक्यावर कोणी बसल्याशिवाय आपण मोजत नाही, हा आपला इतिहास आहे. नदीतल्या डॉल्फिनचं बघा. विक्रमशिलाचं अभयारण्य १९९१ चं, राष्ट्रीय जलचर २००९ मध्ये ठरवला, प्रोजेक्ट डॉल्फिन २०२० मध्ये जाहीर झाला आणि देशभरच्या पहिल्या पूर्ण मोजणीचा आकडा आला २०२५ मध्ये: ६,३२७. त्यात सिंधू नदीतल्या जातीचे फक्त ३, बियासमध्ये. समुद्रातल्यांचा तर असा आकडाच हातात नाही.

मिसळ_पाव_मासे | बुधवार, सकाळी ११.२०

चर्चा जड चाललीय, माझा प्रश्न हलका आहे. आम्ही नाशिककर दर डिसेंबरात दापोली-मुरुडला धाव घेतो आणि 'डॉल्फिन दाखवतो' म्हणणाऱ्या बोटीत बसतो. गेल्या वेळी एका डॉल्फिनमागे सगळ्या बोटी लागल्या होत्या, इंजिनं पूर्ण सोडून. पिल्लू होतं बरोबर. बायको म्हणाली, परत चला. बोटवाला म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. हा गुन्हा आहे का?

काळा_कोट | बुधवार, सकाळी ११.५५

धूसर आहे. प्राण्याला छेडणं, त्रास देणं यावर थेट बंदी अभयारण्याच्या हद्दीत आहे. आपल्या किनाऱ्यावर असं क्षेत्र म्हणजे मालवण सागरी अभयारण्य, १९८७ चं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. दापोलीचा समुद्र त्यात नाही. बाहेर मग पुन्हा शिकारीच्या व्याख्येतल्या 'हाकारण्या'वर यावं लागतं. बोटवाल्यावर ते लावता येईल का? वाद घालता येईल, पण असा खटला उभा राहिलेला मी पाहिलेला नाही.

जाता जाता, भारताने डॉल्फिनला 'व्यक्ती' जाहीर केलंय ही फिरणारी पोस्ट अर्धी खरी. २०१३ च्या मे महिन्यात केंद्राने डॉल्फिनेरियमला (डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या ठिकाणांना) परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं. त्या पत्रात काही शास्त्रज्ञ डॉल्फिनला मानवेतर व्यक्ती मानतात असा उल्लेख आहे. कायद्याने दर्जा वगैरे काही दिलेला नाही. पण बंदी खरी आहे आणि ती हवीच होती. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते.

हर्णै_ते_सातपूर | बुधवार, दुपारी १.३०

बोटवाल्यांची बाजू सांगतो. हर्णै-मुरुडचे बरेच बोटवाले पूर्वी मासेमारीच करायचे. मासा कमी झाला, पर्यटक वाढला. डॉल्फिन दिसला नाही तर पर्यटक पैसे देताना कटकट करतो, मग पोरगं इंजिन सोडतं. तुम्ही बोटीत बसतानाच सांगा, 'लांबून दाखव, इंजिन मंद कर, नाही दिसला तरी पैसे देतो.' ऐकतात. मी स्वतः आणलेल्या पाहुण्यांना असंच करायला लावतो. आणि किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबड असलेला, हंपबॅक डॉल्फिन. तो किनारा सोडून लांब जात नाही. एका ठिकाणाहून हाकलला तर जाणार कुठे?

मिसळ_पाव_मासे | बुधवार, दुपारी १.४५

पटलं. आणि समजा किनाऱ्यावर एखादा लागलेला दिसला तर? गणपतीपुळ्याला २०२३ मध्ये ते व्हेलचं पिल्लू आलं होतं, लोकांनी ढकलून, ओढून समुद्रात नेलं आणि नंतर मेलंच.

निळी_शाई | बुधवार, दुपारी २.२०

ते पिल्लू वाचणं अवघडच होतं, आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू समुद्रात परत नेऊन जगत नाही सहसा. त्यात लोकांचा दोष नाही, रात्रंदिवस राबले बिचारे. २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी ब्लू व्हेल जिवंत लागला होता, तोही गेला. किनाऱ्यावर पाण्याचा आधार जातो आणि त्याचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं.

केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सामान्य माणसासाठी थोडक्यात: शेपटीला किंवा परांना धरून ओढायचं नाही, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी-वाळू जाऊ द्यायची नाही, अंग ओल्या फडक्याने झाकायचं, गर्दी हटवायची, सेल्फी नाही. आणि १९२६ ला फोन, वनखात्याची हेल्पलाइन.

नाशिकहून बघायचं तर अजून एक: डहाणूजवळचं नियोजित वाढवण बंदर. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ऑगस्टमध्ये भूमिपूजन. त्याचा रस्ता आपल्या इगतपुरीपाशी समृद्धीला येऊन मिळणार आहे, म्हणून इकडे सगळे जमिनीच्या भावात रमलेत. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथल्या उथळ पाण्यात हंपबॅक डॉल्फिन आणि भुलगा (बिनपराचा पॉरपॉइज) राहतात. मोठी जहाजं आली की धडक, गाळ काढणं, पाण्याखालचा आवाज, सगळं आलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेलसाठी ठरावीक काळात मोठ्या जहाजांना दहा नॉटच्या वर जायला बंदी आहे, २००८ पासून. श्रीलंकेच्या दक्षिणेला ब्लू व्हेलला धडक बसू नये म्हणून एका मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये स्वतःहून मार्ग आणखी दक्षिणेला सरकवला. वाढवणला असा वेगाचा नियम आधीच मागता येईल. बंदर झाल्यावर कोणी ऐकणार नाही.

तर्कट | बुधवार, दुपारी २.४०

इथे मात्र मी तुमच्या बाजूने. पाथर्डी फाट्यावर ढेकूळ घेऊन बसलेल्याला सात वर्षं, आणि जहाजाच्या पंख्याखाली व्हेल गेला तर कप्तानाला पत्ताही लागत नाही.

सिन्नरफाटा | गुरुवार, रात्री ८.३०

मंडळी, अपडेट. भाऊ आणि मी काल वनविभागाच्या कार्यालयात गेलो. व्हिडिओ, मेसेज, नंबर, सगळं लेखी देऊन पोच घेतली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शनिवारी तुम्ही कोणीही तिकडे फिरकू नका म्हणाले. संध्याकाळी त्या 'ओळखीतल्या'ने भावाला ब्लॉक केलं. पुढे काय होईल ते होईल.

@काळा_कोट ताई, एक शंका राहिली. समजा एखाद्याला खरोखरच किनाऱ्यावर गोळा सापडला, विकायचा हेतू नाही, तर?

काळा_कोट | गुरुवार, रात्री ९.००

कलम ३९. अशी वस्तू सरकारची मालमत्ता. हाती आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितली की द्यायची. २०२२ मध्ये केरळात विळिंजमच्या मच्छीमारांना समुद्रात २८ किलोंचा गोळा मिळाला, त्यांनी तो किनारा पोलिसांकडे दिला. त्यांच्यावर काही झालं नाही, नाव झालं.

फाया | गुरुवार, रात्री ९.२५

ताई, याच धाग्यात विचारून घेतो. पंचवटीत, त्र्यंबकला पूजेच्या दुकानांत काळ्या काटक्यांची जाळी फ्रेम करून 'इंद्रजाल' म्हणून टांगलेली असते. घरात ठेवली की बाधा जाते म्हणतात. ती पण समुद्रातली ना? कुंभमेळा आलाय, आता तर गल्लोगल्ली विकतील.

काळा_कोट | गुरुवार, रात्री ९.५०

समुद्रातलीच. काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा, दोन्ही पहिल्या अनुसूचीत. वनस्पती म्हणून विकतात, असतो तो प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा. बाळगणं-विकणं अंबरग्रीसइतकंच बेकायदा. कोणाच्या घरात असेल तर गोदावरीत सोडू नका, वनविभागाला लेखी कळवून जमा करा आणि पोच घ्या. दुकानदारांच्या संघटनेला कुंभाआधी कोणी हे समजावून सांगणार असेल तर मी यायला तयार आहे.

फाया | गुरुवार, रात्री १०.०५

मी बोलतो. आमच्या गल्लीतले दोघे विकतात, त्यांना माहीतही नसेल.

हर्णै_ते_सातपूर | गुरुवार, रात्री १०.२०

ताई, मेलेल्या डॉल्फिनची खबर देणाऱ्याला संरक्षण हवं, यासाठी मच्छीमार सोसायटीमार्फत कांदळवन कक्षाला निवेदन द्यायचं म्हटलं तर मसुदा करून द्याल का? भाऊ सह्या जमवतो म्हणालाय.

काळा_कोट | गुरुवार, रात्री १०.३२

देते. भावाला विचारून तीन गोष्टी कळवा: जाळ्याचे प्रकार, कुठल्या महिन्यांत जास्त गुंततात आणि बंदरावर खबर घ्यायला कोण बसू शकेल. वाढवणच्या वेगमर्यादेचा परिच्छेद @निळी_शाई यांनी वेगळा लिहावा, तो याच कागदात नको, नाहीतर दोन्ही अडकतील.